पळसाचं चौथं पान

उजनीचं पाणी उन्हाळ्यात चांगलंच खाली गेलं, की पळसनाथाच्या देवळाचं शिखर भीमेतून वर डोकावतं. पावसानं दगा दिलेल्या वर्षी अख्खं देऊळ उघडं पडतं, भोवतालचे वीरगळ दिसू लागतात, आणि मग पुण्या-सोलापूरकडून गाड्या करून माणसं फोटो काढायला येतात. आमची जुनी माणसंही जातात, पण ती देवळाकडे फार वेळ बघत नाहीत. ती भेगाळलेल्या गाळाकडे बोट करून म्हणतात, "इथं आपली मळई होती. तिथं खळं." धरण १९८० साली पुरं झालं. त्याच्या आसपासच्या वर्षांत पळसदेव पाण्याखाली गेलं आणि माणसं वर, महामार्गाच्या अंगाला, माळावर येऊन बसली. आजचं पळसदेव ते हे.

अशा गावच्या माणसाकडे पामतेलावरच्या पुस्तकाची प्रस्तावना मागायची, हे मला आधी विचित्र वाटलं. पुस्तक सुमात्रा-बोर्निओच्या रानांचं. तिथं तेलमाडाच्या लागवडीसाठी जंगल कसं तुटलं आणि त्याबरोबर कोण कोण संपत चाललं याचं. ओरांगउटान या मलय शब्दाचा अर्थच रानातला माणूस. आमच्या इंदापूर तालुक्यात त्याला कुणी पाहिलेला नाही, आणि तेलमाडही कुणाच्या बांधावर नाही. "आपल्या माणसाला हे जवळचं वाटेल असं लिहा," एवढंच संपादकांनी सांगितलं. मी हो म्हणालो आणि महिनाभर काहीच लिहिलं नाही. अखेर धागा सापडला तो घरातल्या कोठीच्या फळीवर.

२०२२च्या दिवाळीत सरकारनं रेशनवर 'आनंदाचा शिधा' दिला. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. ती पिशवी घरी आली, चकल्या तळल्या गेल्या, सगळ्यांनी खाल्ल्या. पामतेल रेशनवर तसं नवीन नाही. थंडीत पांढरट थिजणारं ते तेल माझ्या लहानपणीही दुकानात यायचं आणि बायका नाक मुरडत का होईना, घेऊन जायच्या. पण त्या पिशवीत साखर आणि पामतेल शेजारी शेजारी होती. साखर आमच्याच पट्ट्यातली असावी. भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर, चहूकडे कारखान्यांची धुराडी. तेल मात्र समुद्रापलीकडचं. दोन्ही वस्तू स्वस्त, दोन्ही रोजच्या, आणि दोन्हींसाठी कुठला ना कुठला मुलूख पालथा घातलेला. हे पुस्तक त्यातल्या एका मुलखाचं आहे. प्रस्तावनेत मी दुसऱ्याबद्दलही बोलणार आहे, ते वाचकांनी सोसून घ्यावं.

तेलमाड मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. आज जगातलं जवळपास ८५ टक्के पामतेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांत निघतं, आणि आयात करणाऱ्यांत पहिला नंबर भारताचा. वर्षाला साधारण ८० ते ९० लाख टन. हे तेल आपल्याला तेल म्हणून क्वचितच दिसतं. ते बिस्किटात असतं, फरसाणात असतं, साबणात असतं, महामार्गावरच्या ढाब्याच्या कढईत असतं. एका हेक्टरातून तीन-चार टन तेल देणारं दुसरं पीक नाही. सोयाबीन अर्ध्या टनाच्या आसपास अडखळतं. म्हणून 'पामतेल सोडा' असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. तेवढंच तेल दुसऱ्या पिकांतून काढायचं तर काही पटींनी, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०१८च्या अहवालानुसार नऊ पटींपर्यंत, जास्त जमीन लागेल. त्याच अहवालात तेलमाडामुळे धोक्यात आलेल्या १९३ प्रजातींची नोंद आहे. दोन्ही आकडे एकाच अहवालातले आहेत. वाचणारे आपापल्या सोयीचा तेवढा उचलतात.

ओरांगउटानच्या मादीला सात-आठ वर्षांतून एक पिल्लू होतं. ज्या जनावराचा वंश इतक्या संथपणे वाढतो, त्याच्यातली दरसाल थोडी जरी मारली गेली तरी संख्या सावरत नाही. रान तुटल्यावर ती माडाच्या बागेत येतात, कोवळे कोंब खातात आणि मारली जातात. १९९९ ते २०१५ या सोळा वर्षांत बोर्निओतली एक लाखाहून जास्त ओरांगउटान नाहीशी झाली. सुमात्रात २०१७ साली तापानुली नावाची वेगळी जात शास्त्रज्ञांनी ओळखली. ओळख पटली तेव्हाच तिची संख्या आठशेच्या आत होती. बारसं आणि सुतक एकदमच. लागवडीसाठी तिथल्या कोळशासारख्या दलदलीच्या जमिनीत चर खणून पाणी काढून टाकतात, जमीन वाळते, मग ती पेटली की महिनोन्‌महिने धुमसत राहते. २०१५चा धूर सिंगापूरपर्यंत गेला होता. हे सगळं पुढच्या प्रकरणांत तपशिलानं आलं आहे, मी त्यात भर घालत नाही.

मला सांगायची आहे ती करडईची गोष्ट.

आमच्याकडे रब्बीच्या ज्वारीच्या कडेनं करडईच्या दोन ओळी असायच्या. काटेरी झाड, त्यामुळे गुरं आत शिरायची नाहीत. फुलं पिवळी, सुकताना केशरी. काढणीला हाताला फडकी गुंडाळायची, शिव्या द्यायच्या, आणि वर्षाचं तेल घाण्यावरून घरी आणायचं. पाऊस झाला नाही तरी जमिनीतल्या ओलीवर येणारं हे पीक. इंदापूर, करमाळा, माढा, सोलापूर हा तिचा मुलूख. शेजारच्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तर करडईचे बिनकाट्याचे वाण काढले, म्हणजे काढणीची रडही संपत आली होती. पण नव्वदच्या दशकात तेलाची आयात खुली झाली, पामोलिन बाजारात भरभरून आलं आणि त्याच्या भावापुढे करडई उभी राहू शकली नाही. हे एकमेव कारण होतं असं मी म्हणत नाही. कॅनॉलचं पाणी आलं, उपसा आला, पोरांनी रब्बीकडे पाठ फिरवली, हेही खरं. पण राज्यात लाखांनी हेक्टर असलेली करडई आज हजारांत मोजावी लागते, आणि तिची जागा ज्या तेलानं घेतली ते तेल कुठून आलं हे आपल्याला ठाऊक आहे.

आता या करडईच्या रानात कोण यायचं? माळढोक. मीटरभर उंचीचा, दहा-बारा किलो वजनाचा, माणसाच्या चाहुलीनं मान वर करून तिरका चालत जाणारा पक्षी. गवतात घरटं, म्हणजे घरटं कसलं, उघड्यावर एक अंडं. आणि चरायला भुईमूग, ज्वारी, करडईची शेतं. १९७२ साली सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर तो असल्याकडे बी. एस. कुलकर्णी या पक्षीमित्रानं लक्ष वेधलं. १९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात अख्खी गावं, बाजारपेठा, रस्ते सगळंच आलं आणि माळढोकाचं नाव काढलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या. पुढं ते क्षेत्र छाटून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. आता जगात माळढोक उरले दीडशेच्या आसपास, जवळजवळ सगळे राजस्थानात. नान्नजला कुणाला एखादा दिसला तर ती वर्तमानपत्रातली बातमी होते. सुमात्रातल्या माडानं नान्नजचा माळढोक मारला, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण ज्या कोरडवाहू शेतीत पक्षी आणि माणूस दोघंही भागवून घेत होते, त्या शेतीचा एक आधार त्या माडानं काढून घेतला, एवढं मी म्हणतो.

माळ म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला थोडं सांगायला हवं. मुरमाड जमीन, वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. अशा जागी जंगल वाढत नाही, आणि वाढावं अशी अपेक्षाही करू नये. तिथं गवत वाढतं. मारवेल, पवन्या, शेडा, आणि कार्तिकात धोतराला चिकटून घरापर्यंत येणारी कुसळं. मधूनच बोर, हिवर, तरवड. मे महिन्यात हे सगळं मेल्यासारखं दिसतं आणि पहिल्या दोन पावसांत परत उठतं. या गवताच्या जोरावर चिंकारा जगतो, ससा, खोकड, तरस, घोरपड. धाविक, पखुर्डी, चंडोल. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी मयुरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ सालचं, सव्वापाच चौरस किलोमीटरही नाही एवढं. चालत एका सकाळी संपतं. इंदापुरातल्या कडबनवाडीचा आणि बारामतीतल्या शिर्सुफळचा माळ आता वनखात्यानं सफारीसाठी खुला केला आहे. माळ बघायला माणसं तिकीट काढून येतील, हे माझ्या आजोबांना सांगितलं असतं तर ते बराच वेळ हसले असते.

आणि लांडगा. तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कुत्रंच समजलो होतो. मेंढक्यानं सांगितलं, "कुत्रं असतं तर तुमच्याकडं बघत थांबलं असतं." भारतात लांडगे तीन हजारांच्या आसपास असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०२२च्या गणनेत वाघ ३,६८२ भरले. म्हणजे लांडगा वाघाहून दुर्मीळच, पण त्याच्यासाठी ना प्रकल्प, ना टपाल तिकिटांचा सोस. इथला लांडगा जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या वंशशाखांपैकी एक आहे, असं २०२१ साली जनुकांच्या अभ्यासातून पुढं आलं. धनगराच्या वाड्यावर मात्र त्याची ओळख त्याहून जुनी आहे. रात्री मेंढरं वाघरीत कोंडायची, भोवती कुत्री, आणि तरीही पहाटे एखादं कोकरू कमी. शिव्या भरपूर ऐकल्या मी. विष घालणारेही आहेत, नाही असं नाही. पण "त्याच्या वाट्याचं त्यो नेतो" असं म्हणून वाडा हलवणारी माणसंही मी पाहिली आहेत, आणि निसर्गप्रेम वगैरे शब्द त्यांच्या तोंडी कधी आले नाहीत.

सातबाऱ्यावर या सगळ्याला एक शब्द आहे: पोटखराबा. म्हणजे लागवडीला नालायक. सरकारी नकाशात हीच जमीन पडीक. इंग्रजांनी ज्या जमिनीतून महसूल येत नाही तिला पडीक म्हटलं. ते गेले, नोंद राहिली. पडीक जमिनीचं कुणी काही केलं तरी ते सुधारणाच ठरतं. औद्योगिक वसाहत करा, सौरऊर्जेचे पत्रे लावा, मुरूम उपसा, पोकलेननं सपाट करून ऊस लावा. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला तेव्हाच बारामतीकडच्या माळाचं भवितव्य ठरलं होतं. इंदापूरच्या वरच्या अंगाचा माळ उजनीच्या उपशानं आणि पाइपलायनींनी खाल्ला. राज्यातल्या लागवडीपैकी चारेक टक्के जमिनीवर असलेला ऊस सिंचनाचं जवळपास दोन-तृतीयांश पाणी पितो. पाचशे मिलिमीटरच्या पट्ट्यात दोन हजार मिलिमीटर पाणी मागणारं पीक उभं आहे आणि आम्ही त्याला बागायत म्हणून मिरवतो.

पण मिरवणाऱ्याची बाजूही ऐकावी लागेल. ज्याची मळई पाण्यात गेली, त्याला माळावर आणून बसवला आणि वर सांगितलं, आता इथं जग. तो काय करणार होता? पाणी डोळ्यांसमोर, धरणात गेलेली जमीन त्याच पाण्याखाली. त्यानं मोटर टाकली, पाइप वर आणला, ऊस लावला. पोरीचं लग्न आणि पोराचं इंजिनिअरिंग त्या उसावर झालं. माझंही शिक्षण त्यातलंच. इंडोनेशियातही तेलमाडाखालची सुमारे ४० टक्के लागवड लहान शेतकऱ्यांची आहे. दोन हेक्टरवाला, कर्ज काढून रोपं लावलेला, चौथ्या वर्षी पहिला घड काढून तेलगिरणीच्या काट्यावर उभा राहणारा. त्याचा फोटो मला या पुस्तकात सगळ्यांत ओळखीचा वाटला. आमच्या कारखान्याच्या गव्हाणीवर ट्रॅक्टर घेऊन रांगेत बसलेल्या माणसाचा चेहरा अगदी तोच.

कुठंही जा, पळसाला पानं तीनच, असं आपण म्हणतो. पळसदेवच्या माणसानं तर म्हणायलाच हवं. सुमात्रा असो की इंदापूर, भाव देणारं एक पीक, ते घेणारा दूरचा बाजार, आणि वाटेत येणारं जनावर. तीनच पानं. पण आमच्या पळसाला मला एक चौथं पान दिसतं. सुमात्रातलं झाड पडलं तर त्याला निदान जंगलतोड म्हणतात. उपग्रहाच्या चित्रात हिरव्याचं तपकिरी झालेलं दिसतं, कुणीतरी ओरडतं, कंपन्यांना उत्तरं द्यावी लागतात. आमच्या इथं उलटं आहे. तपकिरी होतं त्याचं हिरवं झालं. चित्रात माळ सुधारला. जे गेलं त्याची हानी म्हणून नोंद नाही, जमेच्या रकान्यात मात्र आहे. ब्राझीलच्या सेराडोतही असंच चाललं आहे. ॲमेझॉनचं जंगल वाचावं म्हणून जग जागं झालं आणि सोयाबीन शेजारच्या गवताळ मुलखात सरकलं. युरोपनं २०२३ साली जंगलतोडीच्या मालाला बंदी करणारा कायदा केला, त्यात जंगलाची व्याख्या झाडांवरून ठरली, आणि सेराडोचा मोठा भाग बाहेर राहिला.

त्यात भर म्हणून आमची झाडं लावण्याची हौस. राज्यात २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत पन्नास कोटी झाडं लावायची ठरली. मीही एका सकाळी टोपी घालून आमच्या जवळच्या माळावर गेलो होतो. आधी जेसीबीनं चर मारले होते, खड्डे घेतले होते. गिरिपुष्पाची रोपं, भाषण, वडापाव. फोटोत मी हसतो आहे. त्या खड्ड्यांच्या जागी आधी मारवेल होता, आणि त्यात टिटवीची अंडी असतील का हे बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. दोन उन्हाळ्यांत बहुतेक रोपं गेली. खड्डे अजून आहेत, आणि त्यांच्या काठावर गवताऐवजी गाजरगवत आहे. पामच्या मळ्याला कुणी जंगल म्हटलं की आपल्याला हसू येतं. माळावरच्या गिरिपुष्पाला वनीकरण म्हणताना मात्र आपण टाळ्या वाजवतो.

उसानं सगळीच जनावरं घालवली असं नाही. जुन्नरकडे बिबट्यानं उसात घर केलं. तिथं त्याची पिल्लं होतात, कुत्री-डुकरं खाऊन तो मजेत राहतो, आणि आता आमच्या बाजूलाही त्याच्या बातम्या येतात. लपून राहणाऱ्याला ऊस मानवतो. लांडगा, चिंकारा, माळढोक ही लांबवर नजर टाकून जगणारी जनावरं. त्यांना भिंत नको. उजनीच्या फुगवट्यानं तर भिगवण, कुंभारगावला हजारो रोहित पक्षी आणले, होड्या चालवणाऱ्यांना रोजगार दिला. बदलात कुणीतरी जिंकतंच. मलेशियातल्या माडाच्या बागांत उंदीर आणि ते खाणारे साप, घुबडं पुष्कळ आहेत. बाग सजीवांनी भरलेली दिसते आणि तरी रानातलं जे खास होतं ते तिथं नसतं. मिझोरममध्ये डंपा अभयारण्याजवळ झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेलमाडाच्या बागेपेक्षा झूम शेतीच्या पडीत, म्हणजे ज्याला आपण मागास समजतो त्या फिरत्या शेतीत, रानपक्षी कितीतरी जास्त आढळले. तिथंही 'पडीक' शब्दानंच घोटाळा केला आहे.

हा अभ्यास आज वाचायला हवा, कारण तेलमाड आता आपल्या घरात येतो आहे. ऑगस्ट २०२१मध्ये केंद्र सरकारनं ११,०४० कोटी रुपयांचं तेलमाड अभियान मंजूर केलं. ईशान्य भारत आणि अंदमान-निकोबारवर त्याचा खास भर. परकीय चलन वाचेल हे खरं आहे. पण त्या पैशांतला थोडा भाग पुन्हा करडईकडे, जवसाकडे, तिळाकडे वळला असता तर कोरडवाहू माणसाचं आणि माळाचं दोघांचंही काही झालं असतं, असं मला वाटतं. कुणी मला भाबडा म्हणेल. करडईच्या काट्यांनी हात फोडून घेतलेल्या माझ्या आईनं तर म्हटलंच आहे.

पुस्तकाची पानं मी पळसदेवातच वाचून संपवली. त्या उन्हाळ्यात पाणी बरंच मागं गेलं होतं. संध्याकाळी देवळापर्यंत चालत गेलो. बरोबर चुलतभाऊ आणि एक मेंढका. वाळत चाललेल्या गाळावर बगळ्यांचे, मेंढरांचे, माणसांचे ठसे. आणि त्यांना छेदत सरळ रेषेत पाण्याकडे गेलेले पंजे. भाऊ म्हणाला, कुत्रं. मेंढका वाकला, चार बोटं ठशावर ठेवून बघितली आणि म्हणाला, लांडगा, एकटाच हाय. मी दोघांना सांगितलं की पुण्याच्या आसपास लांडगा आणि गावकुत्र्याचा संकर झाल्याचं शास्त्रज्ञांनी २०२३ साली जनुकं तपासून दाखवलंय. माळ आक्रसला, जोडीदार मिळेना, कुत्री जवळ आली. मेंढका बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं पुन्हा वाकून त्या ठशाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "मग ह्याला आता काय म्हणायचं?"